दही-साखर खाण्यात धरत नाहीत

ज्यांना शिकायचंच नाही त्यांना भाषा शिकवण्यात माझी ऐन उमेदीची वर्षं गेली. दिवसभर मी महालातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची. मुलींच्या घरी मराठीच बोलत, तेव्हा तिच्यात आणखी शिकण्यासारखं काय असणार, असा त्यांचा सरळ हिशेब. गणिताच्या तासाला ताठ बसणाऱ्या मुली माझ्या तासाला एकमेकींच्या वेण्या सोडून पुन्हा घालत बसायच्या. शाळा तपासायला साहेब आले की जाताना न चुकता सांगायचे, बाई, मुलींमध्ये विषयाची गोडी निर्माण करा. मी मान डोलवायची. ही गोडी निर्माण कशी करतात ते मात्र कोणत्याच साहेबांनी करून दाखवलं नाही.

त्यात सत्तरचं दशक संपता संपता धंतोलीतल्या एका डॉक्टरांचा निरोप आला. त्यांची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यांच्या खाजगी दवाखान्यात केरळातून आलेल्या पाच नर्सेस होत्या. कामाला चोख, पण रोगी येणार सावनेर-काटोलकडच्या खेड्यांतले, आणि त्यांचं बोलणं या मुलींना कळेना. मुलींची मोडकी हिंदी त्या लोकांना कळेना. तेव्हा शाळा सुटल्यावर तासभर येऊन यांना मराठी शिकवा, असं डॉक्टरांचं म्हणणं. मला खरं तर नाही म्हणायचं होतं. शाळेतून निघताना माझ्या घशात आवाज उरत नसे. पण नवरा कामाला होता ती कापडाची गिरणी तेव्हा महिनाभर चालू तर दोन महिने बंद अशी चालली होती, म्हणून मी हो म्हटलं.

वर्ग भरायचा दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, चादरी ठेवायच्या खोलीत. तिथे फिनेलचा आणि उन्हात वाळवलेल्या कापडाचा वास एकत्र यायचा. मुली सकाळपाळी संपवून थेट वर यायच्या, म्हणजे पहाटेपासून पायांवर उभ्या असलेल्या. मी उष्णतेनं हैराण, त्या झोपेनं. अशा सहा जणींनी एका खोलीत बसून भाषा शिकायची होती.

मी काय काय करून पाहिलं नाही? भाज्यांची चित्रं नेली. बडबडगीतं म्हणून दाखवली. मी रोगी होऊन कण्हायची आणि त्यांनी मला प्रश्न विचारायचे, असा खेळही केला. चौघीजणी भल्या घरच्या होत्या, मला बरं वाटावं म्हणून माझ्यामागून म्हणायच्या. पाचवी दाराजवळच्या कोपऱ्यात, चादरींच्या ढिगाला टेकून बसायची. बूट काढून ठेवायची, पाय पोटाशी घ्यायची आणि डोळे मिटायची. मी मनातल्या मनात तिला कोपऱ्यातली म्हणायची.

एकदा मी 'माझी आई' हा विषय घेतला. प्रत्येकीनं चार वाक्यं बोलायची. एकीची आई सुगरण निघाली, एकीची शाळेत शिपाई होती. कोपऱ्यातलीची पाळी आली तेव्हा तिनं डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले. मग तिच्या मैत्रिणीनं हिंदीत सांगितलं की तिची आई काजूच्या कारखान्यात जाते, आणि ही घर सोडून निघाली तेव्हाही कामावरच होती. स्टेशनवर हिला पोचवायला कुणी आलं नव्हतं. मी पुढचा विषय घेतला.

शेवटी एके दिवशी माझा पारा चढला. तुला शिकायचंय की नाही ते एकदा सांग, असं मी तिला हिंदीत विचारलं. तिनं शांतपणे सांगितलं, नाही. दोनेक वर्षांत ती आखाती देशात जाणार होती, तिथल्या दवाखान्यात मराठी कोण बोलणार. तोपर्यंत इंजेक्शनं देणं, जखमा बांधणं चाललंच होतं, त्याला भाषा कुठे लागते? मी तिला फार बोलले. इतकं बोलले, कारण माझ्याकडे उत्तर नव्हतं. शाळेतल्या मुलींच्या वेण्यांनाही माझ्याकडे उत्तर नव्हतंच.

तरी डॉक्टरांच्या हुकमामुळे एक गोष्ट मी पाचही जणींकडून घोटून घेतली होती. ऑपरेशनच्या सकाळी रोग्याचं पोट रिकामं लागतं. पोटात काही असलं आणि भूल दिल्यावर ते उलटून वर आलं, तर थेट फुप्फुसात जातं आणि माणूस दगावू शकतो. म्हणून आत न्यायच्या आधी विचारायचं, तुम्ही काही खाल्लं का, पाणी प्यायलात का. उत्तर 'नाही' आलं तरच पुढे. कोपऱ्यातली तेही डोळे मिटूनच म्हणायची, पण एक अक्षर चुकायची नाही. तिच्या तोंडून मी ऐकलेलं पुरतं मराठी तेवढंच.

पाऊस नुकताच संपला होता, तेव्हाची गोष्ट. मी नेहमीसारखी दवाखान्यात शिरले, तर वर खोलीत कुणीच नव्हतं. खाली धावपळ चालली होती. सावनेरकडच्या खाणीत काम करणारा एक तरुण हर्नियाच्या ऑपरेशनसाठी आला होता. सकाळी भूल देताच त्याला उलटी झाली होती आणि ती आत ओढली गेली होती. ऑपरेशन तसंच सोडून दिलं होतं. तो ऑक्सिजनवर होता, छातीतून घरघर येत होती, आणि रात्र निघेल की नाही ते डॉक्टरांनाही सांगता येत नव्हतं. सकाळी त्याला प्रश्न विचारून आत नेणारी नर्स होती कोपऱ्यातली. त्याच्या कागदावर पोट रिकामं असल्याची खूण तिनंच केली होती.

त्याची आई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्याजवळ बसले. कुणी बाईमाणूस, त्यातून आपल्या भाषेतलं भेटलं म्हणून ती बोलायला लागली. पोरगा उपाशीच होता, ती शपथेवर सांगत होती. कालपासून त्याच्या पोटात दाणा नव्हता, त्या सिस्टरनं विचारलं तेव्हाही आपण खरं तेच सांगितलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाली,

"दही-साखर तेवढी देल्ली वं बाई. एवढ्या मोठ्या कामाले पोरगं चाल्लं होतं. ते का खाणं असते?"

आईनं दिली, म्हणून मावशीनं दिली. मावशीनं दिली, म्हणून सासरहून खास आलेल्या बहिणीनंही दिली. तिघींनी मिळून त्याच्या तळहातावर वाटीभर दही-साखर घातली होती, आणि यात कुणी काही लपवलं नव्हतं. आपल्याकडे परीक्षेला, मुलाखतीला, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या हातावर दही-साखर घालतात. तो शकुन असतो, न्याहारी नसते. ती माउली खोटं बोलली नव्हती, आणि कोपऱ्यातलीनंही काही चुकीचं विचारलं नव्हतं. माझ्या वर्गात शिकलेलं एकुलतं एक वाक्य तिनं जन्मात पहिल्यांदा वापरलं, ते बिनचूक वापरलं आणि तेच तिच्या अंगाशी आलं.

मी डॉक्टरांच्या खोलीत गेले. ते संतापलेले होते. भाषा येत नाही म्हणून माणूस मारून ठेवील ही मुलगी, आठवड्याच्या आत मी हिला गाडीत बसवून परत पाठवतो, असं म्हणत होते. अशा काढून टाकलेल्या नर्सला पुढे आखातात कोण घेणार, हे त्यांना आणि मला दोघांनाही ठाऊक होतं. तिनं विचारलं होतं, असं मी सांगितलं. मग काय घडलं तेही सांगितलं. त्यांना ते पटेना. हे तिला कळायला नको का, म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, डॉक्टरकीच्या परीक्षेला निघालात तेव्हा तुमच्या आईनं हातावर काय घातलं होतं? आणि ते खाऊन तुम्ही उपाशी होतात की जेवलेले?"

ते टेबलावरची काच पुसायला लागले. मग म्हणाले, ठीक आहे, दिवाळीपर्यंत बघू. पण पुन्हा एकदा जरी असं झालं तर ती मुलगीही राहणार नाही आणि तुमचा वर्गही. मी बाहेर आले. वर्ग गेला असता तर मला वाईट वाटलं असतं का, कोण जाणे. त्या मुलीचं मात्र वाटलं असतं.

तो तरुण वाचला. चारपाच दिवस घरघरत होता, मग हळूहळू बसायला लागला. त्याच्या आईनं जाताना सगळ्यांना पेढे वाटले, डॉक्टरांनाही.

डॉक्टरांशी बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी वर गेले, तर कोपरा रिकामा होता. ती पुढे, अगदी माझ्यासमोर, बूट घालून बसली होती. रडून डोळे सुजलेले. मी काही बोलायच्या आत तिनं हिंदीत विचारलं,

"टीचर, तुम लोग और क्या-क्या मुँह में डालते हो, जो खाना नहीं होता?"

इतकी वर्षं शिकवत होते, पण एवढा कामाचा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी सांगायला बसले. तीर्थ. तुळशीचं पान. देवाचा अंगारा, तो कपाळाला लावतात आणि चिमूटभर जिभेवरही टाकतात. प्रसादाचा पेढा, कारण प्रसादाला नाही म्हणत नाहीत. चहा, तो पाण्यातच जमा. तंबाखू-सुपारी, ती तर तोंडातच असते, तिला कोण विचारतो. आणि उपास असला तर विचारूच नका. ताटभर साबुदाण्याची उसळ आणि भगर खाऊन बाई सांगेल, आज सकाळपासून उपाशी आहे, आणि मनापासून सांगेल. हे ऐकून बाकीच्या चौघी हसायला लागल्या. कोपऱ्यातली हसली नाही. ती एकेक शब्द ओठांत घोळवत होती.

मला वाटलं, लागली बाई मार्गाला. पण ते तसं नव्हतं. ती आता रोज वर्गाला यायची, पण येताना दरवेळी हरून यायची. ती विचारायची, दही-साखर खाल्ली का? बायका म्हणायच्या, अजून नाही, आता देतो. ती नको म्हणायची. बायका हसायच्या, एवढ्याशा दह्यानं काय होते म्हणायच्या, आणि ती वळली की वाटी पदराखालून बाहेर काढायच्या. सावनेरच्या पोराचं काय झालं ते सांगावं, तर ऑपरेशनच्या सकाळी असलं अभद्र बोलते म्हणून अंगावर यायच्या. एक म्हातारा तर हातावर दही पडल्याशिवाय आत जायलाच तयार होईना. मग त्याचं ऑपरेशन पुढे ढकललं.

मी तिला विनवणीची वाक्यं दिली. ती चालली नाहीत. मग दटावणीची दिली. त्यांनी भांडणं झाली. डॉक्टरांच्या नावानं भीती घालायची वाक्यं दिली, तर बायका सरळ डॉक्टरांकडेच गेल्या. दिवाळी जवळ येत चालली होती आणि माझ्याजवळची वाक्यं संपली होती. मी तिला तसं सांगितलंही. शिकणारी शिकायला तयार आहे आणि शिकवणारीकडे काही उरलेलं नाही, हे दुःख मला नवीन होतं.  त्यानंतर तिनं वर्गाला येणं सोडलं.

मी धरून चालले की तिनं नाद सोडला. मला राग आला नाही, आश्चर्यही वाटलं नाही. दिवाळी आली आणि गेली. डॉक्टरांनी तिला काढलं नाही. उलट एकदा जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले की आता सगळं सुरळीत आहे, कुठून काय शिकवलंत कोण जाणे. मलाही कुठे माहीत होतं? मी तिला विचारायला गेले नाही. संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक करायचा असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वेण्या.

थंडीत माझ्या नवऱ्याच्या पोटात दुखू लागलं. पित्ताशयात खडे निघाले. तेव्हा ते ऑपरेशन आजच्यासारखं सोपं नव्हतं, पोट चांगलं लांब उघडायचे. डॉक्टर ओळखीचे म्हणून आम्ही त्यांच्याकडेच आलो. आदल्या दिवशी मी नवऱ्याला दहादा बजावलं, की पाण्याचा थेंबसुद्धा घ्यायचा नाही.

आणि पहाटे मी उठले, विरजण काढलं आणि वाटीत साखर कालवली.

मला काही माहीत नव्हतं असं कोण म्हणेल? ती सगळी यादी मीच तर वर्गात सांगितली होती. त्या सावनेरच्या माउलीजवळ मीच बसले होते. पण लग्नानंतर या माणसाला कुठल्याही कामाला निघताना मी तसंच कोरड्या हातानं कधी पाठवलं नव्हतं. गिरणीच्या मुलाखतीला नाही, युनियनच्या मोर्च्यालाही नाही. आज तर तो मला शुद्धीवर दिसेल की नाही याचीच भीती होती. नुसतं बोट लावू, जिभेला टेकवू, एवढ्यानं काय होतंय, असं मी स्वतःला सांगत होते. ते त्या बायकांचंच वाक्य होतं, हे माझ्या लक्षातही आलं नाही. मी वाटी पदराखाली धरली आणि दवाखान्यात आले.

न्यायला तीच आली. कोपऱ्यातली. हिरवा झगा, डोक्याला फडकं. तिनं नवऱ्याच्या पायाशी उभं राहून विचारायला सुरुवात केली. "भाऊ, काही खाल्लं? चहा? तीर्थ? अंगारा? दही-साखर? तंबाखू तोंडात हाय का?" बोलण्याचा सूर थेट खेड्यातल्या बाईचा होता. मी शिकवलेल्या मराठीतलं त्यात फारसं काही उरलं नव्हतं. नवरा प्रत्येक प्रश्नाला मान हलवून नाही म्हणत होता. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्याकडे नाही, पदराकडे.

मी मान खाली घातली. आता ही मला बोलणार, आणि मीच दिलेल्या वाक्यांपैकी एखादं मला ऐकवणार, असं वाटलं.  वाटी लपवायलाही सुचेना.

ती पलंगाला वळसा घालून माझ्यापाशी आली आणि तिनं उजव्या हाताचा तळवा माझ्यापुढे धरला.

"टीचर, मले द्या," ती म्हणाली. "आतमंदी काम मले हाय. भाऊले तर झोपायचं हाय."

मी मग चमचा काढला आणि तिच्या हातावर दही-साखर घातली. तिनं ती नीट खाल्ली, बोटं चाटली, आणि दिवाळीपासून हे असंच चाललंय म्हणून सांगितलं. बायकांना नाही म्हटलं की त्या ऐकत नाहीत. पण ज्याचं काम त्याच्या हातावर दही, असं म्हणून हात पुढे केला की कुणाचंच चालत नाही. कधी आई देते, कधी बायको, आणि मग माणूस रिकाम्या पोटी आत जातो. तो अडून बसलेला म्हातारा दुसऱ्या खेपेला असाच आत गेला होता.

हे सगळं ती अडखळत, मध्येच हिंदीत जात सांगत होती. बोलता बोलता तिनं मोरीवर जाऊन कोपरापर्यंत हात धुतले, पुसले, नवऱ्याला ढकलगाडीवर घेतलं आणि गाडीचा दांडा धरला. मी सहज म्हटलं, रोज रोज दही खाऊन तुला कंटाळा येत असेल. तिनं गाडी ढकलायला सुरुवात केली होती. मान वळवून म्हणाली,

"नाही जी, टीचर. घरून निघाली तवा कोणी काही देल्लं नव्हतं. इथं रोज कोणाची ना कोणाची माय देते."

दार बंद झालं. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले, ज्या भिंतीशी ती माउली बसली होती तिथंच. वाटीत अजून थोडी दही-साखर उरली होती. ती मी तिच्यासाठी झाकून ठेवली.